बटण दाबण्याआधीचा श्वास

मित्रांनो, जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आधी आपलं वय सांगत बसतात. मी सांगणार नाही. मी एक जुना, मुठीत मावणारा काळा माईक आहे, पाठीला वेटोळ्यांची वायर आहे, कुशीला एक बटण आहे आणि मन खजील आहे. एवढी ओळख पुरे. जन्मभर मी दुसऱ्यांचं बोललो. आज पहिल्यांदाच स्वतःचं बोलतोय, तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

एका लांबलचक टेबलाशी माझा जन्म झाला. जाड चष्म्याच्या एका बाईने माझ्या पोटात तारा झाळल्या, बटणाखाली एक बारीक स्प्रिंग बसवली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "बघ गं, किती पटकन दबतोय हा!" ते ऐकून मी असा फुगलो म्हणून सांगू! कोणी पहिल्यांदा कौतुक केलं की ते जन्मभर पुरतं. पटकन दबणं हाच आपला मोठेपणा, असं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

माझं काम सोपं आहे. बटण दाबलं की माझ्यापुढे बोललेला शब्द न् शब्द रेडिओतून दूर जातो. सोडलं की स्पीकर जागा होतो आणि दुसऱ्यांचं ऐकू येतं. दोन्ही एका वेळी होत नाहीत. म्हणजे बघा, माझं बटण दाबून जो बोलत असतो तो तेवढ्यापुरता ठार बहिरा असतो. जगात कोण काय ओरडतंय, त्याला पत्ता नसतो. हे ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं दुःख तिथेच आहे.

सुरुवातीची वर्षं मी एका टॅक्सीच्या ऑफिसात काढली. तिथे मी ज्या शिव्या वाहून नेल्या त्या तुमच्यासारख्यांपुढे काढण्याजोग्या नाहीत. पुढे ऑफिस बंद पडलं आणि भंगारातून मला एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने उचललं. घरात त्याला धाकटा म्हणत. टक्कल पडलं तरी धाकटाच. त्याला हौशी रेडिओचा नाद होता. असे नादिष्ट लोक गावोगाव असतात. परीक्षा देऊन परवाना काढतात, प्रत्येकाला अक्षरं आणि आकड्यांची एक ओळखखूण मिळते, आणि ठरलेल्या वेळी सगळे एकाच जागी रेडिओवर जमतात. त्या जमण्याला ते 'नेट' म्हणतात. तुमच्या मोबाइलवरचं नेट ते वेगळं. या नेटवर एक जण नियंत्रक असतो. तो हजेरी घेतो, ज्याचं नाव पुकारेल त्याने बोलायचं, बाकीच्यांनी कान द्यायचे. आमच्या रविवार सकाळच्या नेटचा नियंत्रक म्हणजे हा धाकटा.

त्याला एक थोरली बहीण होती. तिला सगळे ताई म्हणत. ताई दातांच्या कवळ्या बनवायची. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत दिवसभर प्लास्टरचे जबडे, मेणाच्या हिरड्या आणि ती. "एवढी तोंडं आहेत माझ्यासमोर," ती म्हणायची, "पण बोलणारं एक नाही मेलं!" आणि तिला तर बोलल्याशिवाय पाणी पचत नसे. तिचा तो एकटेपणा बघून धाकट्याने तिला परीक्षेला बसवलं, आणि ती पास झाली तेव्हा आपला जुना रेडिओ आणि मला तिच्या टेबलावर आणून ठेवलं.

पहिल्या दिवशी त्याने तिला रीत शिकवली. मी तिच्या हातातच होतो, म्हणून मलाही पाठ झाली.

"आधी ऐकायचं. कोणी बोलत असेल तर मधे शिरायचं नाही. पुकारा झाला की ओळखखूण सांगायची, मग दोन शब्द, आणि पुढच्याला वाट द्यायची."

"दोनच?"

"ताई!"

"बरं बाबा, तीन."

"आणि सगळ्यांत महत्त्वाचं. समोरच्याचं संपलं रे संपलं की लगेच बटण दाबायचं नाही. एक श्वास घ्यायचा. अख्खा. मग दाबायचं."

"ते कशाला? मी काय पोहायला चाललेय?"

धाकटा हसला नाही. "ती जागा आपली नसते," तो म्हणाला. "कोणी अडलेला असतो, कोणाची बॅटरी मेलेली असते, कोणाचा आवाज डोंगराआडून येत असतो. त्याला शिरायला तेवढीच फट असते. तो नुसता 'ब्रेक' एवढंच म्हणतो. ते ऐकायला आपण गप्प असावं लागतं."

ताईने मान डोलावली. मलाही पटलं. पण मित्रांनो, पटणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं.

ताईचा आवाज मोठा गोड होता, आणि सांगण्याची हातोटी अशी की दगडालाही हसू फुटावं. कोणाची कवळी शिंकताना थेट वरमाईच्या ताटात कशी पडली, हे ती सांगायला लागली की नेटवरची माणसं हातातली कामं सोडून ऐकत. "ताई, तुमचा माईक फार स्वच्छ बरं का!" असं कोणीतरी म्हणायचं आणि मी पुन्हा फुगायचो. एक सायकलवाला होता, सायकली दुरुस्त करणारा, तोही नवखाच. तो तिला चढवायचा. "मग? पुढे काय झालं?" तिचं वाक्य संपायच्या आत त्याचं बटण दाबलेलं, आणि त्याचं संपायच्या आत ताईचा अंगठा माझ्यावर. तो श्वास हळूहळू अर्धा झाला, मग पाव झाला, मग उरलाच नाही. धाकटा एक-दोनदा टोकायचा. पण सख्खी थोरली बहीण, तिला किती टोकणार? आणि मी तर पटकन दबणारा! मला त्या अंगठ्याची वाट बघायची सवय लागली होती.

नेटवर एक पोस्टमनकाका होते. निवृत्त झालेले, डोंगराच्या पलीकडे शेवटच्या घरात काकूंबरोबर राहणारे. त्यांचा रेडिओ एवढासा, आवाज दोऱ्यासारखा बारीक. पण नवीन माणसाला सांभाळून घ्यावं ते त्यांनीच. ताई पहिल्यांदा बोलताना त त प प करायला लागली तेव्हा तेच म्हणाले होते, "सावकाश बोल गं. आम्ही कुठे पळून चाललोय?" पाठीमागून काकूंची हाक यायची, "चहा गार होतोय!" तीही आम्हाला ओळखीची झाली होती. कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं, पण माणसं घरचीच वाटायची.

आणि मग तो वाऱ्याचा दिवस आला. शनिवारी असं वादळ सुटलं की झाडं मुळासकट आडवी झाली. डोंगराकडचे फोन बंद पडले. ताईच्या खोलीवरचा एक पत्रा उडाला आणि कुठे जाऊन पडावा? ज्या दातांच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात तिची कवळी सैल म्हणून परत पाठवली होती, नेमका त्यांच्या गाडीवर.

रविवारी सकाळी हजेरी सुरू झाली. खरं तर अशा दिवशी गप्पा बंद ठेवायच्या असतात, फक्त निकडीचं बोलायचं असतं. पण शहरात सगळी माणसं धडधाकट होती, रात्रभर जागून दमलेली होती, आणि धाकट्याला वाटलं, हसू दे जरा. पोस्टमनकाकांचं नाव पुकारलं तेव्हा उत्तर आलं नाही. "मागून पुन्हा पुकारतो," म्हणत तो पुढे गेला. मग ताईची पाळी आली आणि पत्र्याची गोष्ट सुरू झाली.

मित्रांनो, ती गोष्ट मी शब्द न् शब्द वाहून नेली आहे. डॉक्टर बाहेर कसे आले, पत्र्याकडे कसं बघितलं, "हा पण सैलच बसवला होतास का?" असं कसं म्हणाले! सायकलवाला हसून बेजार. "मग? मग?" ताईचा अंगठा खाली. "अहो मग काय!" पुन्हा तो, पुन्हा ती. मधे टीचभरही फट नाही.

नाही, खोटं कशाला बोलू? फट होती. केसाएवढी. ताईने बटण सोडलं की सायकलवाल्याचा आवाज यायच्या आधी स्पीकरमधून काहीतरी बारीक यायचं. टक असा आवाज, आणि एकदा तर अर्धवट, "ब्रे..." मला ऐकू आलं. मी माईक आहे, ऐकणं हाच माझा धर्म. पण ताई हसत होती, तिचा अंगठा आधीच निघाला होता, आणि मी नेहमीसारखा पटकन दबलो. स्पीकर गप्प झाला. थोडा अडकलो असतो, स्प्रिंग जरा आखडली असती, तरी चाललं असतं! पण नाही. त्या दिवशीही मी लोण्यासारखा दबलो.

शेवटी हसता हसता ताईला ठसका लागला. अंगठा सुटला. सायकलवालाही बहुधा डोळे पुसत होता. त्या शांततेत दोऱ्यासारखा आवाज आला.

"ब्रेक... ब्रेक... अरे कोणी ऐकता का..."

"सगळे थांबा!" धाकटा गरजला. "काका, बोला!"

काकू सकाळी स्वयंपाकघरात कोसळल्या होत्या. एक बाजू लुळी, तोंड वाकडं. फोन मेलेला, रस्त्यावर झाड आडवं. काका एकटे. ते हजेरीच्या आधीपासून बटण दाबून हाका मारत होते, नाव पुकारलं तेव्हा नेमके काकूंना सावरायला उठले होते, आणि बॅटरी आता शेवटचे आचके देत होती. पुढचं सगळं भराभर झालं. धाकट्याने रुग्णवाहिका पाठवली, सायकलवाल्याने करवत घेऊन चार जण गोळा केले, रस्ता मोकळा झाला. काकू वाचल्या. पण उजवा हात गेला आणि वाचाही गेली.

दोन दिवसांनी धाकटा ताईकडे आला. ती जबडा घासत बसली होती आणि तो केव्हाच गुळगुळीत झाला होता.

"तेवढ्या वेळाने काही फरक पडला नसता," तो म्हणाला.

"काकूंचे डॉक्टर म्हणाले तसं?"

"डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही."

"मग तू का सांगतोस?"

धाकट्याने टेबलावरचा एक जबडा उचलून परत ठेवला. मग खाली बघून म्हणाला, "नियंत्रक मी होतो ताई. थांबवायला मी हवं होतं. मीही हसत होतो."

"तुझं तू बघ," ताई म्हणाली. "माझ्या जिभेला हाड नाही, हे माझं आहे." तिने माझी वायर उपटली आणि मला खणात टाकलं, मोडक्या कवळ्यांच्या शेजारी. ती तिथेच कपाळाला हात लावून बसली आणि मी खणात पडल्या पडल्या तिचं रडणं ऐकलं. ते कुणाकडे पोचवायचं नव्हतं.

पण रेडिओ तिने बंद केला नाही. दर रविवारी ती तो लावायची आणि नुसती ऐकायची. काही आठवड्यांनी पोस्टमनकाका नेटवर परत आले. हजेरीत ताईचं नाव आलं की धाकटा थांबायचा. उत्तर नसे. मग काका आपणहून विचारायचे, "ताई, आहेस का गं?" आणि मग ते थांबायचे. चांगले लांब थांबायचे. खणाच्या फटीतून मला दिसायचं, ताई प्लास्टरने पांढरे झालेले हात एकमेकांत धरून रेडिओपुढे उभी राहायची, खणाकडे बघायची, आणि खण उघडायची नाही. "बरं," काका म्हणायचे, "असेल कामात." त्या 'बरं'ने मला जेवढं लागलं तेवढं टॅक्सीवाल्यांच्या शिव्यांनी लागलं नव्हतं. बोलून चूक केली म्हणून तिने गप्प बसण्याची शिक्षा घेतली होती, आणि ती शिक्षा भोगायला लागत होती काकांना.

एका रविवारी काकांचा आवाज तुटक आला. "माझ्या माईकची वायर गेलीय," ते म्हणाले. ताईने त्याच दिवशी मला खणातून काढलं, पुसलं, रुमालात गुंडाळलं आणि बस धरली. डोंगराच्या चढावर तिला धाप लागत होती आणि सगळ्या वाटेने ती पुटपुटत होती. काय बोलायचं त्याची उजळणी चालली होती.

काकांनी दार उघडलं. ताईने तोंड उघडताच ते म्हणाले, "अगं, तू! आवाजावरून मला वाटलं होतं, चांगली धिप्पाड असशील." आत नेलं. खिडकीशी खुर्चीत काकू होत्या. उजवा हात मांडीवर, कोणी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखा. पुढ्यात चित्रांचे पत्ते मांडलेले, कप, किल्ली, छत्री, शब्द आठवायच्या सरावासाठी.

"त्या दिवशी काका..." ताई म्हणाली, "तुम्ही ऐकत होतात?"

"सगळं," काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. "दुसरं काय करणार? बटण सोडलं की तुझा पत्रा. पुन्हा दाबायचो, सोडायचो, पुन्हा पत्रा. हिच्या उशाशीच रेडिओ होता."

झालं! ताईचा बांध फुटला. ती काकूंपुढे खाली बसली आणि बोलत सुटली. माझं चुकलं काकू, मला माफ करा, मला धाकट्याने सांगितलं होतं, बजावलं होतं, पण या जिभेला कधी वळण म्हणून लागलं नाही, मला झोप लागत नाही, जेवण जात नाही, तुम्ही मला काहीही बोला, चपलेने मारा, पण... शब्दामागून शब्द, डोळ्यांतून पाणी, आणि हातात रुमालात गुंडाळलेला मी. मी ऐकत होतो. ताईच्या त्या धबधब्याखालून मला एक बारीक आवाज आला. "त... त..." टीचभर. आणि पुन्हा, "त..." काकूंचे ओठ हलत होते. ताईचं लक्ष नव्हतं. ती माफी मागत होती.

माझं बटण तिच्या मुठीत होतं, पण वायर सुटी होती. मी पुन्हा काहीच करू शकत नव्हतो.

"ताई," काका म्हणाले.

"...आणि मी त्या पत्र्याचं नाव जरी काढलं तरी..."

"ताई! थांब. ती बोलतेय."

ताई अशी थांबली की श्वासच अडकला. तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावरून मी सांगतो, आपण आत्ता इथे, पायाशी बसून, पुन्हा तेच केलं, हे तिला पुरतं कळलं. तिने तोंडावर हात दाबला.

काकू प्रयत्न करत होत्या. वेळ लागत होता. ताईने मदतीला शब्द द्यायला ओठ हलवले तर काकांनी बोट वर केलं. "वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय," ते हळूच म्हणाले, "शब्द आपण पुरवायचा नाही." चुलीवरचं पाणी उकळून सांडलं तरी काका उठले नाहीत.

"तू..." काकू म्हणाल्या. "ह... हसत..." बऱ्याच वेळाने, "होतीस."

ताईच्या ओठांवर दहा उत्तरं आलेली मी पाहिली. मला माहीत नव्हतं, सायकलवाल्याने चढवलं, मुद्दाम नव्हतं. एकेक करून तिने ती गिळली. एक श्वास घेतला. अख्खा.

"हो काकू," ती म्हणाली. "हसत होते."

एवढंच. काकू तिच्याकडे बघत राहिल्या, मग खिडकीकडे बघायला लागल्या. जाऊ दे, असं कोणी म्हणालं नाही. ताईनेही ते मागितलं नाही. चहा झाला, निघताना तिने मला काकांच्या हातात दिलं आणि ती डोंगर उतरून गेली. धाकट्याने तिला दुसरा माईक दिला. मी इथेच राहिलो.

काकूंनी तिला माफ केलं का? मला विचारू नका. मी विचारू शकत नाही, आणि काकूंकडे शब्द थोडे आहेत, ते त्या असल्या गोष्टींवर खर्च करत नाहीत. माझं मला विचाराल तर माझी टोचणी गेलेली नाही. त्या दिवशी ते 'ब्रे...' सगळ्यांत आधी मला ऐकू आलं होतं, आणि मी दबलो.

मित्रांनो, उद्या तुमच्या हाती माझ्यासारखा कोणी येईल. रेडिओचा असेल, शाळेतल्या समारंभाचा असेल, किंवा नुसतं तुमचं तोंड असेल, तेही चांगलं खणखणीत वाजतं. मला जपा, वायर ओढू नका, धूळ पुसा, हे मी म्हणतो आहेच. पण त्याहून मोठं मागणं असं की मला दाबायच्या आधी एक श्वास घ्या. तो श्वास तुमचा नसतो. डोंगराआडच्या कोणाचा तरी असतो.

हल्ली रविवारी हजेरीत काका आपलं बोलून झालं की मला काकूंच्या डाव्या हातात देतात. परवानेवाला शेजारी बसलेला असला की दुसऱ्याला दोन शब्द बोलू देतात. काकूंचा अंगठा अशक्त आहे, माझी स्प्रिंगही म्हातारी झाली आहे, आम्ही दोघं मिळून कसेबसे दबतो. बराच वेळ फक्त त्यांचा श्वास जातो. कधी एक शब्द निघतो, कधी निघत नाही, आणि अंगठा सुटतो. त्यानंतर तो चटपट बोलणारा सायकलवालासुद्धा बटणाला हात लावत नाही. सगळे वाट बघतात, कारण काकू पुन्हा दाबतील की त्यांचं संपलं, हे कोणालाच कळत नाही.

शेवटी धाकटा ताईचं नाव पुकारतो. ती ओळखखूण सांगते. गोष्टी अजून सांगते ती, पण काकूंच्या आधी कधीच नाही. आधी ती एकच प्रश्न विचारते.

"काकूंचं बोलून झालं का?"

आणि ती बटण सोडते, आणि थांबते.